मदत हवी आहे: सेलवरचा पोचा की नुसती चकाकी, कॅमेऱ्याला कसं शिकवायचं?

नमस्कार मंडळी. कुडाळ एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, सोलर दिव्यांसाठी ३२७०० साइजच्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) दंडगोल सेलचे बॅटरी पॅक जोडतो. स्पॉट वेल्डिंगआधी आमच्या मुली प्रत्येक सेल डोळ्यांनी तपासतात: पोचा, फाटलेलं वेष्टन, टोकावरचा गंज, व्हेंटपाशी (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेपाशी) गळतीचा डाग. पावसाळ्यात इथली हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. खोका उघडा राहिला की टोकांवर तांबूस ठिपके आलेच.

हे काम कॅमेरा आणि एआयवर टाकायचंय. अडचण चकाकीची. निकेलचा मुलामा आरशासारखा, त्यात पडलेली ट्यूबलाइटची रेघ मॉडेल बिनदिक्कत ओरखडा म्हणून लाल चौकटीत धरतं आणि खरा उथळ पोचा सोडून देतं. डोम लाइटने (घुमटातून सगळीकडून सारखा पडणाऱ्या मऊ उजेडाने) चमक जाते, पण पोच्याची सावलीही जाते. तिरप्या उजेडात पोचा दिसतो, सोबत धुळीचा कणन् कण. दोन्ही उजेडांत एकेक फोटो घेऊन कुणी काम केलंय का?

शिवाय खराब सेलचे फोटो मोजकेच आहेत. फक्त चांगल्या सेलवर शिकवून वेगळं दिसेल ते पकडणारं मॉडेल चालेल का? मुद्दाम पोचे पाडा असं सुचवू नका, लिथियम सेलवर हातोडी चालवायची नाही.

आतल्या दोषांना एक्स-रे लागतो, तो आपला प्रांत नाही. ‘आमचा कॅमेरा सगळे दोष पकडतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याचा फोन मी तिथेच ठेवला.

लोटे किंवा रत्नागिरीकडे कुणाची अशी लाइन चालू असेल तर कळवा, येऊन बघतो.