घरून कामाचा नियम करारात हवा की बाजूच्या पत्रात?

टेबल_चार: आमच्या कर्मचारी संघटनेच्या वाटाघाटींची पुढची फेरी जवळ आलीय आणि समितीत मी नवाच आहे. सरकारी खातं, फायलींचं काम, तेही आता बहुतेक ऑनलाइन. प्रशासन म्हणतं, आठवड्यातून दोन दिवस घरून काम करा, आमची ना नाही. पण ते करारात नको, वेगळं पत्र देतो. निम्मे सभासद म्हणतात, मिळतंय ते पदरात पाडून घ्या. मला मात्र ते पत्र खुपतंय. अनुभवी मंडळी, तुम्ही काय केलं असतं?

माजी_सरचिटणीस: खुपायलाच हवं. कॅनडात एप्रिल २०२३ मध्ये दीड लाखाहून जास्त केंद्रीय कर्मचारी संपावर गेले, तेव्हा पगाराच्या जोडीला हाच मुद्दा होता. शेवटी पगारवाढ करारात आली आणि घरून काम गेलं बाजूच्या पत्रात. पत्र तसं वाईट नव्हतं: प्रत्येक अर्जाचा स्वतंत्र विचार, उत्तर लेखी, तक्रारींसाठी समित्या. पण मे २०२४ मध्ये ट्रेझरी बोर्डाने, म्हणजे तिथल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मालकाच्या जागी असलेल्या सरकारी मंडळाने, जाहीर केलं की ९ सप्टेंबरपासून आठवड्यातून किमान तीन दिवस ऑफिसात यायचं. संघटनांनी आरडाओरडा केला, तक्रारी दाखल केल्या. बोट ठेवायला करारात कलमच नव्हतं.

म्हणून दोन दिवस की तीन, यावर घसा कोरडा करू नका. प्रशासनाने नकार कसा द्यायचा, ते बांधून घ्या. मसुद्यात 'कामाच्या गरजेनुसार' असं दिसलं की तिथेच थांबायचं. गरज कोण ठरवणार? साहेब बदलला की गरजही बदलणार का? अर्जाचं उत्तर किती दिवसांत, आणि नाही म्हटलं तर दाद कुठे मागायची? आमच्या वेळी प्रशासनाची माणसं आकड्यावर पटकन नमायची, या प्रश्नांवर मात्र चहा मागवायची.

खिडकी_क्रमांक_दोन: आणि आम्ही? समोर रांग उभी असते, आम्ही घरून काय करणार? तुमच्या दोन दिवसांसाठी आम्ही संपाच्या बाजूने मत द्यायचं होय?

माजी_सरचिटणीस: ताई, रास्त बोललात. टेबल_चार, हे आधी ऐका. खिडकीवाल्यांसाठी पाळी अदलाबदलीचा हक्क किंवा प्रवासभत्ता, काहीतरी त्याच मागणीपत्रात घाला. नाहीतर प्रशासन तुमच्यातच भांडण लावून मोकळं होईल, आणि ते त्यांना छान जमतं.

नियमपुस्तक: करारात घातलं म्हणजे भागलं असंही नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे निवृत्तिवेतन वगैरे देणाऱ्या केंद्रीय खात्याच्या, कर्मचाऱ्यांच्या संघटनेने २०२४ च्या अखेरीस घरून कामाची तरतूद २०२९ पर्यंत करारात बांधून घेतली. २० जानेवारी २०२५ ला नव्या राष्ट्राध्यक्षांनी पहिल्याच दिवशी सगळ्या केंद्रीय खात्यांना पूर्णवेळ ऑफिसात या, असा आदेश काढला.

माजी_सरचिटणीस: खरंय. तरी कलम असलं तर लढायला निदान कागद असतो. पत्राला तेवढीही किंमत नाही.

टेबल_चार: मग प्रशासन पत्रावरच अडून बसलं तर?

माजी_सरचिटणीस: तर त्या पत्राला कराराचं परिशिष्ट करून घ्या, कराराइतकीच मुदत आणि तक्रारीची तीच वाट लिहून. बैठकीच्या इतिवृत्तावर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय उठू नका. आणि खिडकीवाल्या ताईंना समितीत घ्या, पुढच्या बैठकीच्या आत.