ट्रॅमाडॉल आईला लागूच पडत नाही. दुसऱ्या गुडघ्याआधी जनुकीय तपासणी करावी का?

रानजाई:
गेल्या वर्षी आईचा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशन उत्तम झालं, पण नंतरचे तीन दिवस आठवले की अजून नको वाटतं. दुखण्यावर ट्रॅमाडॉल दिलं की थोड्या वेळात उलटी, आणि ठणका जिथल्या तिथे. चादरीचं टोक मुठीत आवळून पडलेली असायची. सिस्टर म्हणायच्या, "आजी जरा नाजूक आहेत, शेजारच्या काकू बघा, कालच चालल्या." आई नाजूक नाही हो! हात मोडला तेव्हा एकटी एसटीने तालुक्याला गेली होती.

आता पुढच्या महिन्यात डावा गुडघा. भाऊ म्हणतो, काही जणांना जनुकांमुळेच ही औषधं लागू पडत नाहीत, तशी तपासणीही होते. कुणी केली आहे का? वय ६६, बीपी आहे, शुगर नाही.

गुळपोळी:
वाचतेय. बाबांचा नंबर दिवाळीनंतर.

टिच्चून:
ऑपरेशन म्हटल्यावर दुखणारच की. भजनं लावून द्या, मन रमतं.

रानजाई:
लावली होती. उलटी भजनातही झाली.

भूलथाप:
(आयडीवर जाऊ नका, खरंच भूलतज्ज्ञ आहे.)
ट्रॅमाडॉल शरीरात गेल्यावर यकृतातलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम त्याचा दुसरा पदार्थ बनवतं, आणि दुखणं मारायचं मुख्य काम तो करतो. कोडीन या दुखण्यावरच्या औषधाचंही तसंच, त्याचं मॉर्फीन होतं. या एन्झाइमच्या जनुकाचे शंभरावर प्रकार आहेत. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती निकामी असतील तर ट्रॅमाडॉलचा फारसा उपयोग होत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत असे शंभरात ५ ते १० जण निघतात, आपल्याकडे त्याहून कमी. मूळ ट्रॅमाडॉल मात्र सिरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढवत राहतं, त्यामुळे मळमळ व्हायची ती होतेच. तुमच्या आईंचं वर्णन यात चपखल बसतं.

पण तपासणीआधी एक सांगा, आई रोज कोणत्या गोळ्या घेतात? आठवून नको, पाकिटं समोर घेऊन लिहा.

रानजाई:
टेल्मिसार्टन, थायरॉइडची, कॅल्शियम. आणि पॅरॉक्सेटीन, नैराश्याची, बाबा गेल्यापासून, सहा वर्षं झाली. ही मागच्या वेळी फॉर्मवर लिहिली नव्हती. 'ती' गोळी कुणाला कळलेली आईला आवडत नाही.

भूलथाप:
बहुतेक इथेच आहे उत्तर. पॅरॉक्सेटीन त्याच एन्झाइमला जखडून ठेवते. तशाच प्रकारची फ्लुओक्सेटीनही. म्हणजे जनुकं ठणठणीत असली तरी शरीर निकामी प्रतींसारखं वागतं. तपासणी केलीत तर रिपोर्ट 'नॉर्मल' येईल आणि सगळे पुन्हा ट्रॅमाडॉलच देतील! शिवाय दोन्ही एकत्र दिल्याने सिरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढायचा धोका असतो तो वेगळाच.

पॅरॉक्सेटीन स्वतःहून बंद करू नका, एकदम सोडली की त्रास होतो. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना भेटा आणि मागचा अनुभव तपशिलात सांगा. गुडघ्यासाठी मांडीतल्या नसेचा ब्लॉक, म्हणजे नस बधिर करायचं इंजेक्शन, देतात, त्याबद्दल विचारा. पॅरासिटामॉल दुखायची वाट न बघता घड्याळ लावून देता येतं. मॉर्फीन, फेंटानिल यांना हे एन्झाइम लागत नाही. आयबुप्रोफेन, सेलेकॉक्सिबसारख्या गोळ्यांचा निचरा वेगळ्या एन्झाइमने होतो, त्यातही जनुकीय फरक आहेत. पण बीपी आणि किडनी बघून त्या द्यायच्या की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

आडवाटेचा:
मॉर्फीन शरीरात जिथे जाऊन चिकटतं त्या रिसेप्टरचं जनुक तपासायचं पॅकेज असतं ना?

भूलथाप:
त्या फरकाचा परिणाम इतका किरकोळ की त्यावरून डोस ठरत नाही. त्यात पैसे घालू नका. सीवायपी२डी६ची तपासणी चुकीची नाही, जनुकं बदलत नसल्याने एकदाच करावी लागते. पण या आईंच्या बाबतीत पहिलं काम ते नाही.

न्यूजर्सीची_पाटलीण:
याची उलटी बाजूही आहे. काहींच्यात हे एन्झाइम जास्तच जोरात चालतं. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर कोडीन दिलेली काही मुलं शरीरात मॉर्फीन फार झाल्याने दगावली, म्हणून २०१३ साली अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) कडक इशारा दिला. २०१७ पासून १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि ट्रॅमाडॉल दोन्ही नाही. भाच्याच्या वेळी आम्हाला डॉक्टरांनी हेच समजावलं होतं. तिकडे कोडीन म्हटलं की खोकल्याचं औषध आठवतं, तेही लहान मुलांना नको.

सांगलीकर:
ताई, जुनं डिस्चार्ज कार्ड न्या. फाईलच्या वरच लाल पेनने लिहा, 'ट्रॅमाडॉल लागू पडत नाही, पॅरॉक्सेटीन चालू आहे.' ड्युटी बदलली की तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. शुक्रवारी भूलतज्ज्ञांची वेळ मिळाली. तपासणी तूर्त नको असं भावाला कळवलं. आई म्हणते, लाल पेनने लिही, पण वर नको, शेजारची वाचते. पहिल्या पानावर लिहिलंय.