साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी बहिणींचं हक्कसोडपत्र: पुढे काय अडतं?

खाडीकाठ, कोपरखैरणे
जमीन सिडकोत (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) गेलेली, वडील हयात नाहीत, आता बदल्यात गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळायचाय. वारस म्हणजे आई, दोन भाऊ, लग्न झालेल्या तीन बहिणी. थोरल्यांचं म्हणणं, बहिणींकडून आधीच हक्कसोड घ्या. बहिणीही 'माहेर तुटायला नको' म्हणून तयार आहेत. घ्यावं का?

दस्तवाचक, वाशी
आधी हिशेब मांडा. समजा एक एकर गेली, म्हणजे ४,०४७ चौ.मी. त्याचे साडेबारा टक्के ५०६. त्यातले ३० टक्के सामाजिक सुविधांसाठी कापले जातात, हाती येतात ३५४. सहा वारसांत प्रत्येकी ५९. म्हणजे तीन सह्यांत १७७ चौ.मी., अर्धा भूखंड जातो, आणि बदल्यात होते साडी-चोळी. हा आकडा बहिणींसमोर कागदावर ठेवल्याशिवाय सही मागूच नका.

वारस दाखल्याच्या अर्जात बहिणींची नावं गाळू नका. पुढे तिने किंवा तिच्या मुलांनी हरकत घेतली की भूखंड बिल्डरला देताना सिडको, वारस आणि बिल्डर यांच्यात होणारा त्रिपक्षीय करार तिथेच अडकतो. लग्नाने हक्क जात नाही. वडील २००५ च्या वारसा कायद्यातल्या दुरुस्तीआधी वारले असले तरी वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मतःच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सांगितलंय.

सानपाडा_७०५
सिडकोत चपला झिजवतो तो भाऊ, हेही बघा ना. वकील, दाखले, मोजणी, सगळा खर्च त्याचा.

दस्तवाचक, वाशी
मान्य. पावत्या काढा, तो खर्च आधी वजा करा, उरलेलं वाटा. खर्चापोटी अख्खा हिस्सा मागणं मात्र अन्याय आहे.

बहिणीला मनापासून सोडायचंच असेल तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, नुसती नोटरी चालत नाही. कोणाच्या लाभात, किती हिस्सा, हे नावानिशी लिहा. पैसे ठरले असतील तर रक्कम दस्तात हवी. 'विनामोबदला' लिहून तोंडी कबूल केलेले पैसे मागायला नंतर हाती पुरावा नसतो. नोंदलेला दस्त एकतर्फी मागे घेता येत नाही, दबाव किंवा फसवणूक कोर्टात सिद्ध करावी लागते. सगळ्यात घातक ते कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. 'फक्त सिडकोच्या कामापुरतं' म्हणून पुढे करतात आणि आत विक्रीचा अधिकार असतो. तेवढं कलम शोधून खोडायला लावा.

सातबारा, उरण
आईचा विषय राहिला. मुलींबरोबर तिचीही सही उरकून घेतात आणि ती सुनेच्या हाताकडे बघत बसते. आईने हिस्सा सोडू नये. सोडलाच तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द दस्तात हवेत, म्हणजे साठीपुढच्या आईला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागून तो रद्द करून घेता येतो.

आणि जी बहीण नाही म्हणते तिला हळदीला बोलावणं बंद होतं, वर 'जावयाने कान भरले' असंही म्हणतात. हे आधी थांबवा. मसुदा आठ दिवस तिच्या घरी राहू द्या, वकील तिचा तिने निवडावा, आणि त्या बैठकीत बिल्डर नको.