वडिलांचा पाय लाल आणि गरम, धावरं आहे का?

निफाडची_बाग:
वडील ६२, शुगर आहे. बागेत छाटणी चालूय, मधेच पाऊस, त्यामुळे दिवसभर ओले गमबूट, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्यात. काल रात्री हुडहुडी भरून ताप आला आणि सकाळी बघतो तर डावी नडगी लाल, टम्म सुजलेली, हात ठेवला तर तव्यासारखी गरम. आत्या म्हणते धावरं आहे, काव (लाल माती) लाव. मेडिकलवाल्याने खाजेची ट्यूब दिलीय. नाशिकला नेऊ की दोन दिवस बघू?

पंचवटीकर:
बघू नका, आजच न्या. माझ्या आईचं असंच झालेलं, डॉक्टर सेल्युलायटिस म्हणाले, म्हणजे कातडीत खोलवर जंतुसंसर्ग, जुनी माणसं ज्याला धावरं म्हणतात ते बहुतेक हेच. त्यांनी आधी बॉलपेनने लाल भागाची कड आखली, बाजूला वेळ लिहिली, पसरतंय का ते कळायला. काव फासली तर ती कडच दिसणार नाही, आत्याबाईंना तेवढं सांगा.

गंगापूररोड२२:
माझे तर दोन्ही पाय लाल असतात, ताप नाही. मी नाही घाबरत.

रात्रपाळी_सिस्टर:
२२, दोन्ही पायांना एकदम सहसा सेल्युलायटिस नसतं, बऱ्याचदा शिरांचा त्रास निघतो, दाखवून घ्या.
निफाड, जंतू बहुतेक चिखल्यांच्या भेगांतूनच आत गेलेत. पोटातून अँटिबायोटिक लागेल, ट्यूबने भागत नाही, आणि खाजेच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं बरेचदा, ती बंद करा. शेकू चोळू नका, पाय उशीवर उंच ठेवा, शुगर तपासा. फोड आले, कातडी काळी पडली, दिसतं त्यापेक्षा दुखणं भयंकर वाटलं किंवा बोलणं असंबद्ध झालं तर सरळ इमर्जन्सीत. एकच पोटरी सुजते तेव्हा शिरेत गुठळी पण असू शकते, म्हणून फोटोवरून कोणी औषध सांगितलं तरी घेऊ नका.

निफाडची_बाग:
नेलं. सेल्युलायटिसच. शुगर वाढलेली म्हणून ॲडमिट करून सलाईनमधून अँटिबायोटिक चालू केलं. आज कड आखली होती त्याच्या बाहेर बोटभर लाली गेलीय, औषध लागू पडत नाही का?

रात्रपाळी_सिस्टर:
पहिल्या दिवशी थोडी पसरते कधीकधी. ताप उतरतोय का बघा, ४८ तासांनी पण तसंच असेल तर डॉक्टर औषध बदलतील. कड मात्र राउंडला दाखवाच. आणि चिखल्यांचं औषध वेगळं मागून घ्या, नाहीतर पुढच्या छाटणीला परत हेच.

निफाडची_बाग:
ताप उतरला. आता वडील म्हणतात डबा आणा आणि बागेत कोण आहे ते सांगा.