कुंडीत मुळ्याला नुसताच पाला, मुळा कुठाय?

गॅलरीवाला_बोरिवली:
पूर्वेची गॅलरी, ऊन जेमतेम ३ तास. १२ इंची ग्रोबॅगमध्ये ८ रोपं, शेणखत भरपूर. ४५ दिवस झाले. पाला भरघोस, खाली उंदराच्या शेपटीएवढं मूळ. काय चुकतंय?

माती_आणि_मी:
ऊन निदान ५-६ तास हवं. शेणखत जास्त झालं की नत्र पाल्याच्याच कामी येतं. आणि ८ रोपं म्हणजे विरार लोकल! ४ इंच अंतर धरा, बॅगेत चारच ठेवा. दोन पानांवर असताना विरळणी करा, पण उपटलेली रोपं दुसरीकडे लावू नका; सोटमूळ दुखावलं की मुळ्याला फाटे फुटतात. माती कोरडी पडू देऊन एकदम पाणी ओतलं तर मुळा तडकतो. वाण कोणता? उकाड्यात पुसा चेतकी लावा, पुसा हिमानीला थंडी लागते.

फोडणी_पुराण:
तोवर पाला तरी खा. कोवळा पाला चिरून, मूठभर भिजवलेली मूगडाळ, लसणाची फोडणी. मीठ शेवटी घाला, कारण पाला आळतो आणि अंदाज चुकून भाजी खारट होते. झाकण ठेवू नका, उग्र वास वाफेबरोबर निघून जातो. दोन रोपं फुलू द्या, डिंगऱ्या (मुळ्याच्या शेंगा) मिळतील. त्याही कोवळ्याच तोडा, जून झाल्या की चोथा.

शब्दखोर:
अवांतर: मुळा संस्कृत 'मूलक'वरून, रॅडिश लॅटिन 'राडिक्स'वरून. दोन्हींचा अर्थ मूळच. तुमच्या बॅगेला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

गॅलरीवाला_बोरिवली:
पाकिटावर पुसा हिमानीच आहे :(