शब्दचर्चा : दोन पियानोंच्या वादनाला 'जुगलबंदी' म्हणावे का?

प्रश्न : फ्रेंच संगीतकार मेसियाँच्या 'व्हिजन्स द लामेन' या दोन पियानोंच्या रचनेवर मराठीत टिपण लिहिते आहे. जो तो 'जुगलबंदी' सुचवतो. मला ते खटकते. 'द्वंद्ववादन', 'युगुलवादन', 'सहवादन' यांतले काय घ्यावे?

प्रतिसाद : खटकते ते योग्यच. जुगलबंदीत राग-ताल ठरलेला असतो, बाकीचे बरेचसे मंचावरच सुचते. सतारीने घेतलेली जागा सरोद उचलतो, सवाल-जवाब रंगतात. इथे स्वर न् स्वर लिहिलेला. 1943 मध्ये पॅरिसला ही रचना पहिल्यांदा वाजली तेव्हा पहिल्या पियानोवर इव्हॉन लोरिओ होत्या, दुसऱ्यावर स्वतः मेसियाँ. कामांची वाटणी लिहितानाच झाली होती. लयीचे गुंते, स्वरांचे घोस आणि सगळी चपळाई लोरिओंकडे. मुख्य सुरावटी, भाव आणि जोर मेसियाँनी स्वतःकडे ठेवला. यात चढाओढीला जागाच नाही.

'द्वंद्वगीत' रूढ असले तरी 'द्वंद्ववादन' म्हटले की आधी युद्ध आठवते. 'युगुल' म्हटले की प्रेमगीत. दोन पियानोंवर मिळून वाजवणाऱ्या आलॉइस आणि आल्फोन्स कोन्टार्स्की या जर्मन भावांच्या जोडीला तो शब्द कसा लावणार? माझे मत 'सहवादन'.

दुसरा प्रतिसाद : सहमत, पण एक अपवाद नोंदवतो. फ्रेंच संगीतकार बुलेझच्या 'स्ट्रक्चर्स' या दोन पियानोंच्या रचनेचा दुसरा भाग (1961) पाहा. त्यात काही तुकडे कधी घ्यायचे हे वादक ऐन वेळी ठरवतात, एकमेकांना खुणा करतात. तेवढ्यापुरती जुगलबंदीची आठवण होते खरी.

पहिला प्रतिसाद, पुन्हा : मुद्दा मोलाचा आहे. पण तिथेही मुभा आहे ती 'कधी' वाजवायचे याची. 'काय' वाजवायचे ते छापलेलेच. म्हणून मी तिथेही 'सहवादन'च ठेवीन आणि ही मुभा वेगळ्या वाक्यात सांगेन.

आणखी एक. दोघे एकाच पियानोवर बसले तर 'चार हातांचे वादन' असे स्वच्छ लिहावे. रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीने आपले 'राइट ऑफ स्प्रिंग' हे बॅले-संगीत 1912 मध्ये फ्रेंच संगीतकार देबुसीसोबत वाजवून पाहिले ते असे. एका पट्टीवर (कीबोर्डवर) कोपराला कोपर लागतो, पेडल एकाच्याच पायाखाली राहते. दोन पियानोंवर ही अडचण नसते. दोघांनाही अख्खी पट्टी मोकळी मिळते. तुमच्या टिपणात म्हणून नुसते 'सहवादन' पुरणार नाही, 'दोन पियानोंचे सहवादन' असे पूर्ण लिहा.