गावच्या तळ्याच्या पुनरुज्जीवनासाठी निधी कोठून आणि कसा मागावा?

प्रश्न (गोव्यातील फोंडा तालुक्यातून)

नमस्कार. आमच्या वाड्यावर एकराहून थोडे मोठे तळे आहे. त्याला चिऱ्यांच्या नऊ पायऱ्या होत्या. आज वरच्या चारच दिसतात, बाकीच्या गाळाखाली गेल्या आहेत. गेल्या मे महिन्यात मधोमध बांबू रोवून पाहिला, तेव्हा वर हातभर पाणी आणि खाली कमरेएवढा गाळ लागला. बांबू उपसला तर कुजलेल्या पानांचा वास येणारा काळा चिखल त्याला चिकटून आला. माझ्या लहानपणी याच पाण्यावर खालच्या शेतांत वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे भात, पिकत असे. आता ती शेते पडीक आहेत आणि मार्चमध्येच वाड्यावरच्या विहिरी तळ गाठतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही वर्गणी काढून जलपर्णी उपसली, पण पावसाळा सरताच ती पुन्हा पसरली. हे काम वर्गणीने होणारे नाही. सार्वजनिक निधी मिळवायचा असेल तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर 1 (डिचोलीहून)

आधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंद, आणि सर्व्हेचा नकाशा काढा. तळे कोमुनिदादीच्या (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या) नावावर आहे, सरकारच्या की खाजगी मालकीचे, यावर पुढचे सर्व अवलंबून आहे. कोमुनिदादीचा कारभार 1961 च्या संहितेनुसार चालतो, तेव्हा तळे तिचे असल्यास तिच्या लेखी संमतीवाचून कोणतेही खाते तेथे पैसा घालणार नाही. आमच्या गावाने हे उशिरा ओळखले. अंदाजपत्रकासह पाठवलेला प्रस्ताव मालकीच्या एका प्रश्नावरून परत आला आणि त्यात एक पूर्ण उन्हाळा गेला. संमती हाती आली की सर्व्हे क्रमांक व क्षेत्रफळ नमूद करून ग्रामसभेत ठराव घ्या. नुसते ‘तळ्याची सुधारणा करावी’ एवढेच लिहिलेला ठराव पुढे उपयोगी पडत नाही.

उत्तर 2 (मडगावहून)

निधीच्या वाटा एकाहून अधिक आहेत. 24 एप्रिल 2022 रोजी सुरू झालेल्या, तळ्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या अमृत सरोवर अभियानात किमान एक एकर क्षेत्र आणि सुमारे 10,000 घनमीटर साठवण अपेक्षित धरली होती. तुमचे तळे क्षेत्रात बसते, साठवण मात्र मोजून घ्यावी लागेल. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या काळासाठी पंचायतींना दिलेल्या अनुदानाचा 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधील ठेवला आणि त्यात पावसाचे पाणी साठवण्याचे कामही येते. ‘निधी नाही’ असे उत्तर मिळाल्यास बांधील निधीतून कोणती कामे घेतली, हे लेखी विचारा. याखेरीज 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात, आणि नैसर्गिक संसाधनांचे जतन त्यात बसते. त्यांच्याकडे जाताना नकाशा, गाळाचे मोजमाप आणि जलस्रोत खात्याचे तांत्रिक मत सोबत असावे. सर्वांकडे एकाच कामासाठी एकदम मागू नका; गाळ एका निधीतून, बांध दुसऱ्यातून, अशी विभागणी आधीच करा.

उत्तर 3 (काणकोणहून)

मी माझे आयुष्य शेतात घालवले आहे, म्हणून पैशापलीकडचे थोडे लिहितो. पूर्वी तळी आणि बांध यांची डागडुजी गावकारी, म्हणजे आजची कोमुनिदाद, करीत असे, कारण शेतांचे उत्पन्न तिच्याकडे येई. कुळ कायद्यानंतर ते उत्पन्न आटले आणि वायंगणही सुटले. मग तळ्याकडे पाहणारा कोणी उरला नाही. त्यामुळे निधी आणून गाळ काढला, पण खालची शेते पडीकच राहिली, तर काही वर्षांत तळे पुन्हा आजच्यासारखे होईल. खालच्या शेतकऱ्यांपैकी चार-पाच जण तरी वायंगण करायला तयार आहेत का, हे आधी विचारा आणि त्यांची नावे प्रस्तावात घाला.

दुसरे, यंत्राने सरसकट खोल खणू देऊ नका. आपली जमीन चिऱ्याची, भेगाळ. पाणी थांबते ते तळाशी बसलेल्या चिकणमातीमुळे. ती फुटली तर तळे भरेल आणि दिवाळीपर्यंत रिकामेही होईल. म्हणून आधी तीन-चार ठिकाणी खड्डा घेऊन काळा गाळ कोठे संपतो ते पाहावे. निघालेला गाळ फेकू नये, कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, माडांच्या आळ्यांना तो उत्तम. चारही बाजूंनी सिमेंटची भिंत बांधण्याचा प्रस्ताव आला तर ठाम नकार द्या, कारण बाजूच्या डोंगरातून झिरपणारे पाणी त्या भिंतीने अडते.

आणि जलपर्णी परत का येते, ते शोधा. बहुधा कोठून तरी सांडपाणी आत येत असेल. ते बंद केल्याशिवाय ती हटणार नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सांडपाण्याबद्दल वाचून आज सकाळी तळ्याला फेरी मारली. पूर्वेकडच्या पायवाटेलगत एक नळी थेट पाण्यात उतरते आणि तिच्या तोंडाशीच जलपर्णी सर्वांत दाट आहे. ती नळी कोणाच्या घराची आहे ते ठाऊक आहे. आधी घरी जाऊन सामोपचाराने बोलतो. उताऱ्यासाठी सोमवारी अर्ज करीन आणि मालकी कळली की येथे लिहीन.